शिकार बंद, शिकारी कुत्रा चालू

सोयाबीन निघालेलं असतं, तूर उभी असते, हरभरा जेमतेम बोटभर वर आलेला असतो. अशा दिवसांत परभणी जिल्ह्यात सेलू-जिंतूरकडच्या शिवारात पहाटे गेलं की मोटारसायकलमागे धावणारी सडपातळ कुत्री दिसतात. निमुळतं तोंड, खोल छाती, पाठीला लागलेलं पोट. मालकाला विचारा, तो म्हणतो, "राखणीला पाळलंय." पारावर विचारा, लोक नुसतं हसतात. आखाड्याच्या राखणीला एवढ्या पळणाऱ्या कुत्र्याची गरज नसते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शिकारीला देशभर बंदी आहे. शिकारीसाठीच घडलेला कुत्रा मात्र गावोगाव आहे. तो विकला जातो, यात्रेत मिरवला जातो, त्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. मग या कुत्र्याचं करायचं काय?

माझं मत आधीच सांगून टाकतो. शिकार बंदच राहिली पाहिजे आणि कुत्राही राहिला पाहिजे. पण दोन्ही हवं असेल तर त्या कुत्र्याला दुसरं काम द्यावं लागेल. नुसत्या कौतुकावर कोणतीही कामाची जात टिकलेली नाही. लाल कंधारी बैलाचं काय चाललंय ते आपण डोळ्यांनी पाहतोच आहोत.

परभणी, लातूर, नांदेड, धाराशिव या पट्ट्यात या कुत्र्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात. आखूड, तुळतुळीत केसांचा तो कारवानी. कानांवर, शेपटीला आणि पायांच्या मागच्या बाजूला रेशमी झालर असलेला तो पश्मी. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव याच्या पैदाशीसाठी नावाजलेलं आहे, आणि परभणीकडचे हौशी पिल्लासाठी तिकडे वाट वाकडी करतात. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळला हाच कुत्रा मुधोळ हाउंड होतो. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वहीत तो 'कॅरव्हान हाउंड' आहे, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या वहीत 'मुधोळ हाउंड'. व्यापारी काफिल्यांबरोबर पश्चिम आणि मध्य आशियातून आलेल्या सालुकीसारख्या कुत्र्यांचं रक्त यात आहे, असं बहुतेक जाणकार मानतात. मुधोळचे मराठा संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची पैदास हाती घेतली आणि इंग्लंडच्या पंचम जॉर्जला पिल्लांची जोडी भेट दिली, ही गोष्ट तिथे आजही अभिमानाने सांगतात. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. इथल्या कारवान्याला असा राजाश्रय लाभल्याचं ऐकिवात नाही. तो तांड्यावर, मेंढरांच्या वाड्यावर आणि वतनदाराच्या ओसरीवर राहिला, आणि त्यामुळे त्याची वंशावळ तोंडीच राहिली.

दख्खनला शिकारी कुत्रा नवा नाही. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला, इ. स. ९४९-५० चा आतकूरचा शिलालेख कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात सापडला. त्यात काळी नावाच्या कुत्र्याची रानडुकराशी झुंज आणि दोघांचा मृत्यू कोरलेला आहे. कुत्र्यासाठी दगड उभा करून त्याच्या पूजेची व्यवस्था लावून देणारे लोक होते ते. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' लिहिला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मृगया आहे आणि कुत्र्यांच्या खेळाला वेगळं प्रकरणही आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, इथून फार लांब नाही. आणि खंडोबा तर घरातलाच देव. घोडा आणि कुत्रा त्याच्या मूर्तीबरोबर असतात आणि त्याचे वाघ्ये कुत्र्याच्या भावानेच देवाची सेवा करत आले. थोडक्यात, मराठवाड्यातला माणूस या कुत्र्याकडे परका पाळीव प्राणी म्हणून पाहत नाही. त्याला नुसता कायदा वाचून दाखवून भागत नाही ते यामुळेच.

इंग्लंडमधल्या कामाच्या कुत्र्यांशी तुलना केली तर आपल्या कुत्र्याची घडण नीट कळते. तिकडे दोन प्रकार. एक लर्चर: ग्रेहाउंडसारख्या नजरेने शिकार करणाऱ्या कुत्र्याचा टेरियरशी किंवा मेंढपाळी कॉलीशी केलेला संकर; वेग एकाचा, अक्कल आणि चिवटपणा दुसऱ्याचा. दुसरा टेरियर: बुटका, चिडका, बिळात शिरून कोल्ह्याला बाहेर काढणारा. जॉन रसेल नावाच्या पाद्र्याने १८१९ मध्ये ट्रम्प नावाची एक कुत्री विकत घेतली, तिच्यापासून पुढे एक अख्खं टेरियर घराणं निघालं. आपल्याकडे लर्चर गावोगाव आहे. कारवानी आणि गावठी यांच्या संकराला इथे नुसतं 'क्रॉस' म्हणतात आणि शिकारीच्या नादातले बरेच जण शुद्ध कारवान्यापेक्षा त्यालाच पसंत करतात, कारण तो काटक असतो आणि आजारी कमी पडतो. टेरियर मात्र आपल्याकडे घडलाच नाही. त्याचं कारण जमिनीत आहे. तिकडच्या सशांतला एक, रॅबिट, बिळात राहतो. आपला ससा बीळ करत नाही, तो बांधावरच्या गवतात, तुरीच्या सरीत दबून बसतो आणि पाय जवळ आला की उधळतो. उधळलेल्या सशामागे उघड्या रानातून पळायचं असेल तर पाय लांब हवेत आणि नजर लांबची हवी. खोकड आणि साळिंदर बिळात राहतात खरे, पण त्यांच्यासाठी वेगळी जात घडवावी इतकी गरज कुणाला पडली नाही.

सशामागचा पाठलाग कसा चालतो हे समजल्याशिवाय या कुत्र्याची पैदास कशी बिघडते ते समजत नाही. ससा सरळ पळत नाही. कुत्रा हातभर अंतरावर आला की तो जागच्या जागी वळतो, आणि वेगात असलेला कुत्रा आठ-दहा हात पुढे निघून जातो. म्हणून जोडी लागते. एक वळवतो, दुसरा आडवा जातो. कुत्रा शेपटीने तोल सावरतो, त्यामुळे जुना जाणकार पिल्लू उचलताना आधी शेपूट बघतो: मागच्या पायाच्या ढोपरापर्यंत पोचते का, बारीक होत जाते का. मग तळहात छातीखाली घालून खोली पाहतो. मोठ्या कुत्र्याच्या कमरेवर, दोन हाडांच्या मध्ये, बोटं आडवी ठेवून रुंदी मोजतो, कारण पळण्याची ताकद मागून येते. पंजा मांजरासारखा आवळलेला हवा की सशासारखा लांब, यावर दोन जाणकारांची अर्धा तास खडाजंगी होते. रंग कुणी बघत नसे. आता बघतात, त्याकडे पुढे येतो.

काळ्या जमिनीचा त्रासही वेगळाच. पावसाळ्यात चिखलाचे गोळे पंजाला चिकटतात. उन्हाळ्यात जमिनीला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि भरधाव कुत्र्याचा पाय त्यात गेला की हाड मोडतंच. त्यात आता क्लच वायरचं कुंपण आणि त्यात चोरून सोडलेला करंट. रानडुकरासाठी लावलेल्या तारेला कुत्रा चिकटतो आणि कधी माणूसही.

आता कायदा. यात गोंधळाला जागा नाही, तरी गोंधळ भरपूर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला छोट्या शिकारीचे परवाने मिळत. १९९१ च्या दुरुस्तीने ते संपले. कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत मारणं तर आहेच, पण पकडणं, हाकणं, पाठलाग करणं आणि यांतल्या कशाचाही प्रयत्न करणं हेही आहे. म्हणजे ससा हाती लागला नाही, निसटला, तरी त्याच्यावर कुत्रा सोडणं हाच गुन्हा. "आम्ही मारला नाही, नुसता पळवला" हा बचाव पारावर चालतो, कोर्टात नाही. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आणि वर २५ हजारांहून कमी नसलेला दंड. ससा, रानडुक्कर, रोही (नीलगाय) दुसऱ्या अनुसूचीत. तिथे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय गुन्ह्यात वापरलेली गाडी आणि हत्यार जातं ते वेगळंच.

या बाबतीत एक अन्याय फार जुना आहे. शिकारीची चर्चा निघाली की बोट पारध्यांकडे जातं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा करून अशा कितीतरी जमातींवर शिक्का मारला; स्वतंत्र भारतात तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का मात्र मनातून गेला नाही. फासेपारध्यांचं परंपरागत साधन फास आहे, वीस-पंचवीस हजारांचा कुत्रा नव्हे. रात्री गाडीचा हेडलाइट सशाच्या डोळ्यांवर मारून कारवानी सोडणारी पोरं बहुतेक वेळा सातबारा असलेल्या घरांतली असतात. गुन्हा दाखल होताना कोण आधी सापडतो, हा निराळा विषय.

शेतकऱ्याची बाजू मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. परभणी जिल्ह्यात हरणांचे कळप हरभऱ्याचे शेंडे खुडतात, रोही तूर तुडवतात, रानडुकरं एका रात्रीत भुईमूग आणि उसाचा फड उकरतात. पूर्णा, दुधना, गोदावरी यांच्या काठांवर ऊस वाढला तशी डुकरांना लपायला बारमाही जागा झाली. माणसं थंडीत माळ्यावर जागतात, फटाके वाजवतात, जुन्या साड्यांचं कुंपण करतात. मग कुणी म्हणतं, कुत्रे सोडले तर काय बिघडलं? बिघडतं असं की त्याने काम होत नाही. काळवीट ताशी ८० किलोमीटरपर्यंत पळतं. धडधाकट काळविटाला उघड्या रानात कारवानी गाठू शकत नाही. सापडतात ती पाडसं, गाभण माद्या आणि तारेत पाय अडकलेली जनावरं. कळप शेजारच्या शेतात जातो आणि रात्री परत येतो. रानडुकराची गोष्ट याहून वाईट. कारवान्याची कातडी पातळ, अंगावर चरबी नाही, स्वभाव झोंबण्याचा नाही. डुकराच्या सुळ्याने पोट फाडलेला कुत्रा शिवायला आणला जातो तेव्हा मालकाची मान खाली असते. आतकूरचा काळीसुद्धा मेलाच की. म्हणून आता डुकरासाठी जबडेबाज परदेशी जातींचे संकर गावात येऊ लागलेत, आणि ती कुत्री डुक्कर आणि शेजाऱ्याची शेळी यांत फरक करत नाहीत. पोरांतही नाही.

उभ्या पिकाला धोका असेल तर दुसऱ्या अनुसूचीतल्या जनावराबाबत लेखी परवानगी देण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि महाराष्ट्राने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी वनक्षेत्रपालाच्या पातळीवर ती सोय केली. हरीण त्यात नाही. ही परवानगी कागदावर सोपी आहे, मिळवायला किती सोपी आहे हे ज्याने अर्ज केलाय त्याला विचारावं. पण ती अपुरी आहे म्हणून कुत्रा सोडण्याचा हक्क आपोआप येत नाही. नुकसानभरपाई, सामूहिक कुंपण आणि परवानगीची मुदत यांवर भांडायला हवं. ते भांडण कुत्र्याच्या गळ्यात घालू नये.

कुत्रा सोडण्याविरुद्ध आणखी एक कारण आहे, ते मला स्वतःला सगळ्यात मोठं वाटतं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. रानात फिरणारा लस न दिलेला कुत्रा आपल्याबरोबर डिस्टेंपर, पार्वो आणि रेबीज नेतो. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये डिस्टेंपर शिरला आणि बघता बघता वीसहून अधिक सिंह मेले. आपल्याकडे सिंह नाहीत. लांडगा आहे, खोकड आहे, कोल्हा आहे, आणि त्यांच्या मरणाची नोंद ठेवायला कुणी बसलेलं नाही. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून २०२३ मध्ये पुढे आलं. माळावरचा लांडगा संपवायला बंदूकच लागते असं नाही.

आता पैदास. इथे मला शिकाऱ्यांपेक्षा व्यापाऱ्यांचा राग जास्त येतो. शिकारी निदान न पळणारा कुत्रा पुढच्या वेताला वापरत नव्हता. व्यापाऱ्याला पळण्याशी देणंघेणं नाही. त्याला फोटोत उंच दिसणारा, पांढरा नाहीतर काळाभोर कुत्रा हवा, कारण पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक रंग बघून पैसे देतं. उंचीसाठी ग्रेहाउंड घातला जातो, नाकासाठी आणखी काही, आणि पिल्लू 'प्युअर' म्हणून विकलं जातं. कारवानी खांद्याशी सव्वादोन फुटांच्या आसपास भरतो. त्याच्याहून पुष्कळ उंच काही दाखवत असतील तर आत दुसरं रक्त आहे असं खुशाल समजावं. उलट बाजूला, एकाच गाजलेल्या नराकडे दहा गावांतल्या माद्या नेल्या जातात आणि तिसऱ्या पिढीत बाप-लेकीचा संबंध कुणाच्या लक्षातही राहत नाही. मग वेतात पिल्लं कमी, जगणारी त्याहून कमी.

२०१७ च्या श्वान पैदास व विक्री नियमांनुसार विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. मादी दीड वर्षाची होण्याआधी भरवायची नाही, वर्षातून एकच वेत, आयुष्यात पाच. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत विकायचं नाही. हे नियम गावात कुणी वाचलेले नाहीत. त्रेसष्ट दिवसांनी कुत्री व्यायली की महिन्याभरात पिल्लं पिशवीत घालून एसटीने रवाना होतात आणि आईचं दूध तुटल्यावर आठवड्यात पार्वोने रक्त ओकतात. घेणारा म्हणतो फसवलं, देणारा म्हणतो नेताना चांगलं होतं. दोघांचंही खरं असतं.

दवाखान्यातली एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण ती जिवावर बेतते. ग्रेहाउंडच्या घडणीच्या कुत्र्यांच्या अंगात चरबी अगदी कमी असते आणि थायोपेंटोनसारख्या भुलीच्या औषधाचा निचरा त्यांचं यकृत फार सावकाश करतं. इतर कुत्र्याला वजनावर दिलेली मात्रा याला दिली तर तो तासन्‌तास उठत नाही, कधी उठतच नाही. पाय मोडलेला कारवानी घेऊन जाणाऱ्याने डॉक्टरांना जात आधी सांगावी. परभणीला १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; या कुत्र्यांचं रक्त, हाडं, आजार यांचा अभ्यास करायला याहून सोयीची जागा महाराष्ट्रात नाही. गोचिडताप, मोडलेली हाडं, उन्हाळ्यातला उष्माघात, सगळं दारात चालत येतं.

मुधोळचं उदाहरण इथे टोचतं. कर्नाटकने मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र काढलं. तिथली पिल्लं २०१६ मध्ये मेरठला लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरकडे गेली. २०२१ मध्ये हवाई दलाने आग्र्याच्या तळावर धावपट्टीवरचे पक्षी हुसकावण्यासाठी मुधोळ घेतले. पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये नाव घेतलं आणि भाव चढले. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने राजापालयम आणि चिप्पीपराईबरोबर मुधोळची जात म्हणून नोंद केली, ती कर्नाटकच्या नावावर. लातूर-परभणीचा कारवानी त्याचाच भाऊ, कदाचित संख्येने जास्त, पण ब्युरोच्या कागदावर नाही. आपण मात्र आमचा खरा की त्यांचा खरा यावर वाद घालत बसलो.

त्या धावपट्टीकडे जरा नीट पाहावं. तिथे कुत्रा मारत नाही, पळतो आणि हुसकावतो. पळण्याची खुमखुमी भागते आणि काम होतं. परभणीला विमानतळ नाही, पण राखणीचे दुसरे मार्ग आहेत. मालकाच्या आवाजावर परत फिरणारा, बांधाच्या आत राहणारा कुत्रा हवा असेल तर कारवान्यापेक्षा मेंढपाळी कुत्रा किंवा चांगला गावठी अधिक कामाचा, हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. कारवान्याचा खरा गुण वेग आहे, आणि त्याची कसोटी जिवंत सशाशिवायही लागते. पंजाबात ग्रेहाउंडच्या शर्यती यंत्राने ओढलेल्या खोट्या सशामागे होतात. मोटार, चारशे मीटर दोरी आणि टोकाला बांधलेलं फडकं: एवढंच साहित्य. दोन-तीन वळणं देता येतील अशी कप्पी लावली तर कुत्रा वळतो कसा तेही दिसतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकरवी सशाची शिकार बंद केली, फेब्रुवारी २००५ पासून ही बंदी लागू झाली. लर्चर काही नाहीसा झाला नाही. चोरट्या शिकारीही संपल्या नाहीत, हेही खरं. पण ज्याला नुसता कुत्रा पळताना बघायचा होता त्याला दुसरी जागा मिळाली.

आपल्याकडे ती जागा तयार आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावला, पालमच्या पलीकडेच, मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट येतात, आणि नांदेड जिल्हा परिषद अश्व-श्वान-कुक्कुट प्रदर्शन भरवते. परभणीतले झाडून सगळे कुत्रेवाले तिथे असतात. आज तिथे कुत्रा उभा करून बघतात. अंगावर झूल, गळ्यात घुंगरू, सोबत सेल्फी. त्याच मैदानाच्या कडेला दोरी टाकून शर्यत घ्यावी, आणि महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी टेबल मांडून उंची, छाती, वजन मोजावं, चिप बसवावी, आई-बापांची नावं लिहून घ्यावीत. चार यात्रांत ब्युरोकडे पाठवण्याइतकी माहिती जमेल. बक्षिसासाठी लसीकरणाचं कार्ड आणि वंशाची नोंद सक्तीची केली तर पहिल्या वर्षी निम्मे कुत्रे बाद होतील आणि मांडवात आरडाओरडा होईल. होऊ द्यावा. दुसऱ्या वर्षी तीच माणसं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून येतील. पैसे मिळणार असतील तर आपला माणूस कागद कसा गोळा करतो ते पीकविम्याच्या रांगेत दिसलेलंच आहे.